नेवसे गुरुजींना न येणारा शब्द

नेवसे गुरुजींना ‘चूक’ म्हणता येत नसे. जिभेचा दोष नव्हता. चूल, चुना, चुलता हे शब्द ते खणखणीत उच्चारत. शुद्धलेखन शिकवताना ‘चूक’ला दीर्घ ऊकार कसा द्यायचा हे फळ्यावर काढूनही दाखवत. पण समोर पोरगं उभं असलं, त्यानं भलतंच उत्तर दिलं आणि आता त्याच्याकडं बघून तो शब्द म्हणायचा, अशी वेळ आली की गुरुजींचं तोंड उघडं राही आणि आतून काहीच येत नसे.

मी शाळेत रुजू झाले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता, तिथं आमच्या ह्यांना काम लागलं म्हणून आम्ही साताऱ्याहून आलो आणि चिंचवडगावात एक खोली घेऊन राहिलो. मी सातवीची फायनल परीक्षा होऊन मास्तरकीचं ट्रेनिंग केलेली. लोकल बोर्डानं मला कासारवाडीच्या पुढं एका वाडीवरची शाळा दिली. शाळा म्हणजे कौलारू लांबट खोली, मधे बांबूच्या तट्ट्या लावून तिचे तीन वर्ग केलेले. एका बाजूला आगगाडीचे रूळ. गाडी आली की तिन्ही वर्ग गप्प बसत, गेली की पुढचं वाक्य सुरू. दुसऱ्या अंगाला, लांब दिघीकडं, लष्कराचा सराव चाले. तिकडून अधूनमधून ‘धडाम्’ असा आवाज येई आणि कौलांतून माती पडे. नवं माणूस दचके, पोरं मात्र पाटीवरची माती फुंकून पुढं लिहीत.

शिक्षक आम्ही तिघं. हेडमास्तर जगदाळे, नेवसे गुरुजी आणि मी.

पहिल्याच दिवशी तट्टीपलीकडून गुरुजींचा आवाज आला, “सात आठे?”

एका पोरानं दणक्यात सांगितलं, “चोपन्न!”

मी खडू हातात धरून थांबले. आता छडीचा आवाज येणार, असं मला वाटलं. आमच्या लहानपणी तो आलाच असता. पण आवाज आला तो गुरुजींचा. “वा! चोपन्न! काय सुरेख उत्तर आहे. कुणाचं बरं हे?”

पोरं विचारात पडली. मग एक मुलगी म्हणाली, “सहा नव्याचं, गुर्जी.”

“सहा नव्याचं! बघ सोपान, तू शेजारच्या घरात शिरलास. घर चांगलंय, माणसंही चांगली आहेत, पण आपलं नव्हे. आता तिथनं निघ आणि घरी ये. किती पावलं टाकावी लागतील?”

सोपान पुटपुटत राहिला. मग म्हणाला, “दोन. छप्पन्न.”

“पोचला!” गुरुजी ओरडले. सगळा वर्ग ओरडला, “पोचला!” माझ्या वर्गातली बिगारीची, पहिलीच्याही आधीची पोरंसुद्धा, काही संबंध नसताना, ओरडली.

गुरुजी दिसायला साधेच. उंच, किडकिडीत, धोतर, वर खडूनं पांढरा झालेला काळा कोट. सासवडकडचे. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो तसा ते खडू ठेवत, त्यामुळं त्यांचा उजवा कान कायम पांढरा असे. चुकीचं उत्तर आलं की मान वाकडी करून वर वाशांकडं बघत आणि त्या पांढऱ्या कानाची पाळी ओढत. उत्तराचा प्रश्न सापडला की मांडीवर थाप मारत. ती थाप ऐकली की आम्ही तट्टीपलीकडं समजायचो, एका पोराची सुटका झाली.

जगदाळे मास्तरांचं याच्या नेमकं उलट होतं. त्यांचा अभिप्राय दोन शब्दांचा: “चूक. बस.” उत्तर बरोबर आलं तर एकाच शब्दाचा: “बस.” त्यांच्या वर्गात चुकीची उत्तरं फारशी येत नसत, कारण उत्तरंच येत नसत. मास्तर प्रश्न विचारायचे, पोरं जमिनीकडं बघायची, मास्तर स्वतःच उत्तर सांगायचे आणि स्वतःलाच “बस” म्हणून खुर्चीत बसायचे. माणूस वाईट नव्हता. नेवसे गुरुजींवर त्यांचा जीव होता, पण त्यांच्या वर्गातला कल्ला ऐकून त्यांना रोज घाम फुटे.

गुरुजींच्या या रीतीचा फायदा घेणारं पोरगंही निघालंच. बबन नावाचं, मोठं वांड. त्यानं ठरवलं, काहीही विचारलं तरी ‘म्हैस’ म्हणायचं.

“बबन, आपल्या राज्याची राजधानी कोणती?”

“म्हैस.”

वर्ग फिस्कन हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी वर बघितलं, कान ओढला, बराच वेळ गेला. मग थाप. “देवानं कोणत्या जनावराला काळा रंग दिला आणि दुधात टाकायचा मात्र विसरला? म्हैस! मोठं उत्तर दिलंस, बबन. आता म्हशीवर बसून राजधानीला निघ बघू.” बबनला मुंबईपर्यंत वाटेतली सगळी स्टेशनं सांगावी लागली. कासारवाडीपासूनची.

दुसऱ्या दिवशी बबन पुन्हा म्हैस. तिसऱ्या दिवशी पुन्हा. व्याकरण असो, भूगोल असो, म्हैस. गुरुजी दर वेळी प्रश्न शोधून काढत. एके दिवशी त्यांनी विचारलं, “पंधरा त्रिक?” आणि बबन म्हणाला, “म्हैस.” त्या दिवशी गुरुजी अडले. वाशांकडं बघत उभे राहिले ते घंटा होईपर्यंत. पोरं घरी गेली तरी हे उभेच. मी डबा आवरून निघाले तेव्हा मला म्हणाले, “बाई, मोठं अवघड उत्तर दिलंय पोरानं.”

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरता शिरताच त्यांनी मांडीवर थाप मारली. “बबन, सापडला! रोज तीन शेर देऊन पंधरा दिवसांत पंचेचाळीस शेर दूध घरात कोण घालेल?”

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “म्हैस!”

मधल्या सुट्टीत बबन माझ्याकडं आला. तोंड उतरलेलं. म्हणाला, “बाई, त्या मानसाला दमवायचं कसं, तुमी सांगा. मला तर काय सुचंना.” त्यानंतर तो सरळ उत्तरं द्यायला लागला. त्यातही अर्धी भलतीच असायची, पण ती त्याची खरोखरची होती.

मग हे वारं गावात शिरलं. एक दिवस दगडूबा नावाचा शेतकरी आपल्या पोराला, गेणूला, दंडाला धरून शाळेत घेऊन आला. उन्हातून आलेला, पटका सुटलेला.

“गुर्जी, ह्याला म्या राकेल आणाया धाडला. ह्यो गूळ घिऊन आला. म्या म्हनलं, चुकलास. तर मला म्हंतो, आबा, मी आणलंय ते बराबर हाय, तुमीच सांगताना चुकला! ही विद्या शिकवता व्हय हितं?”

जगदाळे मास्तर तट्टीआडून बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक. गुरुजींनी दगडूबाला बसायला पोतं दिलं आणि गंभीरपणानं विचारलं, “गूळ कसा निघाला?”

“गूळ? गूळ चांगला हाय.”

“घरात होता?”

“न्हाई. परवाच सपला.” दगडूबा थांबला. “म्हंजी, गूळ पायजेच हुता म्हना.”

“मग?”

“मग काय… गुळाचं बराबरच झालं.” तो पटका पुन्हा बांधू लागला. एकदम आठवण होऊन म्हणाला, “आन् दिवा कशानं लावू? गुळानं?”

गुरुजी गेणूकडं वळले. “तुझ्या आबांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे बघ. त्याला उत्तर मिळालेलं नाही. त्याला ताटकळत ठेवू नये. जा पळ, रॉकेल आण.” गेणू बाण सुटावा तसा गेला.

दगडूबा निघताना जगदाळे मास्तरांपाशी थांबला. “मास्तर, मानूस चांगला हाय तुमचा. पर त्येच्याशी बोलून उठलं की आपुन कशापायी आलतो त्येच ध्यानात ऱ्हात न्हाई.”

एकदा मी गुरुजींना स्पष्टच विचारलं. म्हटलं, हे सगळं ठीक आहे, पण उद्या ही पोरं पुण्याला फायनलला बसतील. तिथं प्रश्न बदलून कोण देणार?

ते रागावले नाहीत. रुळांकडं बघत म्हणाले, “तिथं कुणी देणार नाही. म्हणून तर परत यायची वाट शिकवतो. बाई, माझे मास्तर ‘चूक’ असं ओरडायचे की देवळाच्या शिखरातले पारवे उडायचे. आमची शाळा देवळातच होती. मी पारव्यांकडं बघत बसायचो. ते बिचारे परत येऊन बसेपर्यंत गणित पुढं गेलेलं असायचं. सात आठे किती हे मला फार उशिरा कळलं. पारवे किती, ते मात्र कुणीही विचारावं.” थोड्या वेळानं म्हणाले, “मी पुष्कळदा ठरवतो म्हणायचं. पण पोराचा चेहरा दिसतो आणि मला पंखांचा आवाज येतो.”

हे ते हसत सांगत नव्हते. मलाही हसू आलं नाही.

आणि मग डिपोटी येणार असल्याची वर्दी आली. डिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. त्यांच्या नावानं जगदाळे मास्तरांची झोप उडायची. त्यांनी भिंती सारवून घेतल्या, नकाशा धुवायला काढला (तो कागदी होता, त्यामुळं दक्षिणेकडची बरीच राज्यं त्यात गेली) आणि शाळा सुटल्यावर आम्हा दोघांना थांबवून घेतलं.

“नेवसे,” ते जवळजवळ रडवेल्या आवाजात म्हणाले, “साहेबांपुढं एकदा, फक्त एकदाच, ‘चूक’ म्हणा. नाहीतर ते म्हणतील या शाळेत शिक्षकाला बरोबर-चूकही कळत नाही. तुमची नोकरी जाईल, माझी अब्रू जाईल.”

गुरुजी म्हणाले, “प्रयत्न करतो.”

“प्रयत्न नको. तालीम करू. बाई, तुम्ही पोरगं व्हा.”

मी पोरांच्या जागी जाऊन उभी राहिले. गुरुजींनी विचारलं, “पाण्याला उकळी कशानं येते?” मी सांगितल्याप्रमाणे भलतंच म्हणाले, “बर्फानं.”

“आता म्हणा!” जगदाळे मास्तर कुजबुजले.

गुरुजींनी तोंड उघडलं. “चू…” म्हणाले. कपाळावरची शीर फुगली. “चू…” मान हळूहळू वाकडी झाली, नजर वाशांकडं गेली, हात कानाकडं निघाला.

“कान सोडा!” मास्तर ओरडले. त्यांनी गुरुजींचे दोन्ही हात धरून ठेवले. तसेच हात धरलेल्या अवस्थेत गुरुजी म्हणाले, “उकळी बसते कशानं, असं विचारलं असतं तर…”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. “बाई, तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही बाईमाणूस, म्हणून त्यांना संकोच होतो. मी होतो पोरगं.” आणि आमचे हेडमास्तर, पन्नाशीचा माणूस, टोपी काढून पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले. “विचारा मला.”

“सूर्य कुठं उगवतो?”

“पश्चिमेला! म्हणा आता.”

गुरुजींनी घाम पुसला. मास्तरांच्या चेहऱ्याकडं बघितलं. मांडीवर थाप. “संध्याकाळी घराची पाठ उन्हाला आली की ऊन कुठनं येतं? पश्चिमेकडनं! घर पूर्वमुखी आहे तुमचं, मास्तर. बरोबर ओळखलंत.”

“आहे खरं पूर्वमुखी,” मास्तर म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते किंचित पुढं सरकले. “बरं, दुसरा विचारा.”

दुसरा झाला, तिसरा झाला. मास्तर मुद्दाम अवघड अवघड भलती उत्तरं देऊ लागले आणि गुरुजींनी प्रश्न शोधला की खुशीत मान डोलवू लागले. एका उत्तराला गुरुजींनी “वा!” म्हटलं तर मास्तर चक्क लाजले. दिवेलागणीची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, “मास्तर, तालीम?” ते दचकून उठले, टोपी शोधू लागले आणि माझ्यावरच रागावले.

साहेब आले. गोरेपान, टापटीप, हातात वेताची बारीक छडी, पण मारायची नव्हे, नुसतीच दाखवायची. माझा वर्ग झाला, मास्तरांचा झाला. मास्तरांच्या वर्गात कुणीच काही बोललं नाही, ते साहेबांना शिस्तीचं वाटलं. मग ते नेवसे गुरुजींच्या वर्गात गेले. मी आणि मास्तर दारात उभे.

साहेबांनी नेमकं गेणूला उठवलं. “शिवाजी महाराजांचा जन्म कोणत्या किल्ल्यावर झाला?”

“रायगडावर,” गेणूनं ठासून सांगितलं.

साहेबांनी गुरुजींकडं बघितलं. मास्तरांनी माझा दंड धरला. गुरुजींनी हात पाठीमागं घट्ट बांधले, डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि म्हणाले,

“चू…”

धडाम्!

दिघीचा आवाज. कौलांतून माती पडली. साहेब असे उडाले की छडी हातातून सुटली.

“म्हटलं! म्हटलं त्यांनी!” मास्तर पुढं होऊन म्हणाले. “मी ऐकलं, साहेब.”

“मी नाही ऐकलं,” साहेब खांदे झटकत म्हणाले. “काय म्हणालात तुम्ही? पुन्हा सांगा.”

नेमकी आता गाडीसुद्धा येईना. गुरुजींनी डोळे उघडले आणि तिथंच घात झाला, कारण समोर गेणू उभा होता. ओठावर माती, डोळे मोठे केलेले.

“साहेब,” गुरुजी हळू आवाजात म्हणाले, “उत्तर चांगलं आहे. आपण प्रश्न तेवढा बदलून द्यावा.”

“प्रश्न? माझा प्रश्न?”

“राज्याभिषेक कुठं झाला, असं विचारावं. पोरगं अगदी जवळ आलंय.”

साहेब लालबुंद झाले. पण चाळीसेक पोरं त्यांच्याकडं अशा आशेनं बघत होती की त्यांनी, स्वतःलाही न कळत, विचारलं, “बरं. राज्याभिषेक कुठं झाला?”

गेणूनं एवढ्या वेळात विचार केला होता. आपलं आधीचं उत्तर त्याला आता पटत नव्हतं. तो म्हणाला, “शिवनेरीवर.”

मास्तर दारातच खाली बसले.

गुरुजींनी मात्र अशी थाप मारली की खडू कानावरून उडाला. “साहेब! बघा! दोन्ही उत्तरं बरोबर! नुसती एकमेकांच्या घरी गेलीत!” आणि सगळा वर्ग, कुणीही न सांगता, ओरडला, “पोचला!”

तपासणी झाल्यावर मी चहा दिला. साहेबांनी कप खाली ठेवला. “नेवसे, मी इतकी वर्षं शाळा तपासतोय. तुमची ही पद्धत चूक आहे.” हा शब्द त्यांना अगदी सहज म्हणता आला.

गुरुजींनी मान वाकडी केली. खोडसाळपणा नव्हता, ते खरंच शोधत होते. “कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून, साहेब?”

साहेबांनी कप पुन्हा उचलला. एकाएकी जगदाळे मास्तर उभे राहिले आणि तक्रार करावी तशा आवाजात म्हणाले, “साहेब, यांच्या वर्गात प्रत्येक पोरगं हात वर करतं. माझ्या वर्गात एकही करत नाही.”

“मग?”

“मग काही नाही. सांगितलं.” आणि बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

गुरुजींची बदली व्हायची ती झालीच. चाकणच्याही पलीकडं, डोंगराच्या पायथ्याची शाळा मिळाली. दगडूबानं त्यांचं सामान स्वतःच्या बैलगाडीतून पोचवलं. पोरं खूप लांबवर गाडीमागं गेली. गुरुजी मागं तोंड करून बसले होते आणि पोरांना काही ना काही विचारत होते. कुणी काय उत्तरं दिली ते मला ऐकू आलं नाही, पण थापा ऐकू येत होत्या.

त्यांचा वर्ग मास्तरांनी घेतला. पहिल्या दिवशी तट्टीपलीकडून आवाज आला, “बारा पंचे?” एका पोरानं सांगितलं, “पासष्ट.” आणि मास्तर म्हणाले, “चूक.” मग बराच वेळ काहीच नाही. मग हलक्या आवाजात, “कुणाचं असेल रे हे?” मग खुर्ची सरकल्याचा आवाज. “बस आता. उद्या सांगतो.”

मला गुरुजी नंतर एकदाच दिसले. तीनेक वर्षं झाली असतील. नणंदेच्या सोयरिकीसाठी मी चाकणला गेले होते आणि परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभी होते. बाजाराचा दिवस, कांद्याच्या गोण्या, धूळ. एक एस्टी निघायच्या बेतात होती आणि तिच्या खिडकीशी नेवसे गुरुजी बसले होते. कोट तोच, केस पांढरे झालेले.

मी धावत गेले. त्यांनी मला लगेच ओळखलं. “बाई! पुण्याला निघालोय. बोर्डाच्या ऑफिसात काम आहे.”

“अहो गुरुजी,” मी म्हटलं, “ही पुण्याची नव्हे! ही वर जाते, नारायणगावला. उतरा लवकर!”

गुरुजींनी बाहेर डोकावून पाटी वाचली. मग मागं टेकले, वर टपाकडं बघितलं. ड्रायव्हरनं भोंगा दिला. मी पुन्हा म्हटलं, उतरा. तेवढ्यात त्यांचा चेहरा उजळला.

“नारायणगावात आमच्या नव्या शाळेतली एक मुलगी दिलीय,” ते म्हणाले. “लग्नाला जाता आलं नव्हतं मला. फार हुशार मुलगी. बरेच दिवस तिची काही खबर नाही.”

गाडी हलली. मी चार पावलं बरोबर चालले. आतून कंडक्टर पंच खटखटवत त्यांच्यापाशी आला. “बोला मास्तर, कुठं?”

“नारायणगाव,” गुरुजी म्हणाले. “मुद्दाम निघालोय.”